चमच्याचा घाट

दिवाळी अंकासाठी काही टीकात्मक लिहा, असे संपादकांचे पत्र आले, तेव्हा त्यांच्या मनात कादंबरी असणार हे उघड आहे. मी शाळेत मुलांना मराठी शिकवतो आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहितो. तेव्हा अशा माणसाने यंदाच्या चार कादंबऱ्यांवर चार बऱ्यावाईट गोष्टी लिहाव्यात अशी त्यांची अपेक्षा असेल तर त्यात त्यांचे काय चुकले? पण खरे सांगायचे तर गेली तीन वर्षे ज्या कृतीशी माझा रोजचा वाद चालू आहे, जिच्यावरून मी माझी मते दोनदा बदलली आहेत, ती कृती छापलेली नाही. ती एक चमचा आहे. चांदीचा, इंग्रजी, १७९२ सालचा.

चमचा या शब्दाला आपल्याकडे राजकारणाने वाईट दिवस आणले आहेत हे मी जाणतो. त्या चमच्यांवर पुष्कळांनी लिहिले आहे. मी लिहितो ते खऱ्या चमच्यांविषयी.

आधी हा चमचा आमच्या घरी कसा आला ते सांगितले पाहिजे, कारण पुढच्या वादाचे मूळ तिथेच आहे. माझे पणजोबा पुण्याच्या लष्कर भागात एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर खानसामा होते. १९४७ साली साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याने पणजोबांना सहा मोठे चमचे दिले. ते बक्षीस होते की थकलेल्या पगाराची भरपाई, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. माण तालुक्यातल्या आमच्या घरात चमच्याने जेवणारा कोणी नव्हता. साहेबाचे सूप ज्याने घेतले जाई त्याने आमच्याकडे तूप वाढले जाऊ लागले. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. त्यातले पाच चमचे आजीने पदराखाली घालून सोनाराकडे नेले आणि मोडीत घातले. सहावा वाचला, कारण तो त्या आठवड्यात शेजारच्या घरी पूजेच्या प्रसादाला गेला होता आणि शेजाऱ्यांना परत करायची आठवण राहिली नव्हती. अमरत्व कशामुळे लाभेल ते सांगता येत नाही म्हणतात, ते असे.

माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त लंडनला असतो. सुट्टीत घरी आला असता त्याने हा चमचा तुपाच्या भांड्यात पाहिला आणि तो जवळजवळ ओरडलाच. त्याला जुन्या चमच्यांचा नाद आहे. त्याने चमचा धुतला, पुसला, उजेडात धरला आणि दांड्याच्या मागच्या टोकाशी असलेले पाच बारीक ठसे मला दाखवले. तोपर्यंत ते ठसे आम्ही झिजेचे डाग समजत होतो. परत गेल्यावर त्याने मला एक भिंग आणि ठशांचे एक पुस्तक पाठवले. आमचे इंग्रजी मॅट्रिकपर्यंतचे. पण ठसे वाचायला इंग्रजी फारसे लागत नाही. मोडी वाचायला जी चिकाटी लागते ती मात्र लागते.

हे पाच ठसे म्हणजे पाच साक्षीदार आहेत. पहिला चालता सिंह. तो चांदीच्या कसाची ग्वाही देतो. शेकडा साडेब्याण्णव भाग शुद्ध चांदी, उरलेले बहुतेक तांबे. इंग्रजांच्या जुन्या मापात बारा औंसांच्या पौंडात अकरा औंस दोन पेनीवेट. यालाच ते स्टर्लिंग म्हणतात. लक्ष्मीपूजनाला आपण जो राणीछाप रुपया ताम्हनात ठेवतो, त्याचा कस याहून किंचित कमी. १८३५ पासून कितीतरी वर्षे १८० ग्रेनच्या रुपयात १६५ ग्रेन शुद्ध चांदी असे, म्हणजे शेकडा ९१.६७. तेव्हा आमचा तुपाचा चमचा लक्ष्मीपेक्षा कसदार निघाला. हे मी घरात मोठ्याने बोललो नाही.

दुसरा ठसा मुकुट घातलेल्या बिबळ्याच्या तोंडाचा. तो लंडन शहराचा. कस पाहण्याची ही पद्धत फार जुनी. पहिल्या एडवर्ड राजाच्या १३०० सालच्या कायद्यापासून बिबळ्याचे तोंड चांदीवर उमटू लागले. बर्मिंगहॅमला आणि शेफील्डला स्वतःची कसघरे १७७३ मध्ये मिळाली. एकाला नांगर मिळाला, दुसऱ्याला मुकुट. बर्मिंगहॅमला समुद्र नाही, मग नांगर कुठला? दोन्ही गावांची माणसे लंडनच्या ज्या खाणावळीत जमत तिचे नाव ‘मुकुट आणि नांगर’ होते, त्यावरून या खुणा आल्या, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट सुरेख आहे आणि म्हणूनच मी तिच्यावर पुरता विश्वास ठेवत नाही.

तिसरा ठसा एका अक्षराचा. लंडनच्या सोनारांच्या श्रेणीने १४७८ पासून दर वर्षी अक्षर बदलण्याची रीत पाडली. वीस अक्षरे झाली की नव्या वळणाची वीस अक्षरे. कोणत्या साली कोणी चांदी तपासली हे कळावे आणि खोटेपणा करणारा तपासनीस सापडावा, हा हेतू. चोर पकडण्यासाठी काढलेली युक्ती पाचशे वर्षांनी रसिकांना उपयोगी पडली. माझ्या चमच्यावर लहान ‘आर’ आहे, म्हणून १७९२. त्या साली महादजी शिंदे उत्तरेतून पुण्यास आले आणि संगमावर मॅलेटसाहेब इंग्रजांचा वकील म्हणून राहत होता. चौथा ठसा तिसऱ्या जॉर्ज राजाच्या मुंडीचा; १७८४ साली चांदीवर जकात बसली ती भरल्याची ही पावती. १८९० मध्ये ती जकात गेली, तसा हा ठसाही गेला. आणि पाचवा ठसा करणाऱ्यांच्या नावांच्या आद्याक्षरांचा. जॉर्ज स्मिथ आणि विल्यम फर्न ही चमचे करणारी जोडी. त्यांनी आपली खूण १७८६ मध्ये नोंदवली होती.

इतके वाचता आले तेव्हा मला परीक्षेत पहिला आल्यासारखा आनंद झाला. आठवडाभर मी शिक्षकांच्या खोलीत सिंह आणि बिबळ्यांविषयीच बोलत होतो. मग एका रविवारी मी चमचा पालथा न करता, भिंग न लावता, नुसता हातात धरला आणि माझ्या ध्यानात आले की आठ दिवसांत मी त्याच्याकडे एकदाही पाहिले नव्हते.

माझे पहिले भांडण इथून सुरू होते. संग्राहक मंडळी चमचा उचलतात तो उलटा. आधी ठसे, मग साल, मग नाव, मग किंमत. आणि उरलाच वेळ तर चमचा. आपल्या वाङ्मयातही ही जात आहे. पुस्तक हाती आले की लेखक कोण, आवृत्ती कितवी, पारितोषिक कोणते हे मलपृष्ठावर पाहून मत देणारे टीकाकार आपण रोज पाहतो. मीही त्यांतलाच एक होतो. ठसा खोटे बोलत नाही हे खरे. पण तो खरे बोलतो ते धातूविषयी. चांदी साडेब्याण्णव टक्के आहे याची तो हमी देतो. चमचा चांगला आहे याची नाही. अगदी ओबडधोबड चमच्यावरही तोच सिंह तितक्याच ऐटीत चालतो.

मग चमचा चांगला कशाने? आपल्या टीकेत घाट हा शब्द गेली सत्तर-ऐंशी वर्षे फार चालला. कादंबरीला घाट आहे, कथेला घाट नाही, असे आपण म्हणतो. आणि हा शब्द आपण तांबटाच्या आळीतून उचलून आणला हे विसरून जातो. भांड्याचा घाट म्हणजे त्याची नुसती रूपरेषा नव्हे. पाणी ओतताना हात कुठे बसतो, काठ कुठे वळतो, बूड कसे टेकते, हे सगळे मिळून घाट. हा शब्द पुन्हा भांड्याकडे नेऊन पाहावा म्हणून मी इंग्रजी चमच्यांची चित्रे काढून बसलो. मी लंडन पाहिलेले नाही. जे पाहिले ते चित्रांतून आणि विद्यार्थ्याने दोन सुट्ट्यांत आणून दाखवलेल्या सात-आठ चमच्यांतून. पण एका चमच्याच्या आधाराने बाकीचे समजतात. एक अभंग नीट कळला की गाथेत वाट सापडते, तसे.

जुन्यात जुन्या इंग्रजी चमच्यांची वाटी अंजिराच्या आकाराची असे: टोकाकडे रुंद, दांड्याकडे निमुळती. दांडा बारीक आणि सहा पैलूंचा. आणि दांड्याच्या शेवटी काहीतरी बसवलेले: ओकचे फळ, बसलेला सिंह, कुमारिकेचे मस्तक, मोहोर. या सगळ्यांत संग्राहकांचा जीव ज्यांच्यावर सर्वांत अधिक, ते म्हणजे प्रेषितांचे चमचे. येशूचे बारा शिष्य आणि तेरावा स्वतः प्रभू, अशा तेरा मूर्ती तेरा दांड्यांवर. पीटरच्या हाती किल्ली, अँड्र्यूजवळ तिरका क्रूस, जॉनजवळ पेला, आणि ज्याची कातडी सोलली त्या बार्थोलोम्यूच्या हाती सुरी. सोळाव्या-सतराव्या शतकात मुलाच्या बाप्तिस्म्याला धर्मपित्याने हे द्यायचे. ज्याची ऐपत मोठी तो संच देई, बाकीचे एकावर भागवीत. शेक्सपियरच्या ‘आठवा हेन्री’ या नाटकात राजकन्येचा धर्मपिता व्हायला कँटरबरीचा आर्चबिशप क्रॅनमर संकोचतो, तेव्हा राजा त्याला चमच्यांच्या खर्चावरून चिमटा घेतो. बारशाच्या आहेराची कुचंबणा सगळीकडे सारखीच! लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये १५३६ सालचा एक तेरांचा संच आहे. असे पुरे संच जगात फार थोडे.

या चमच्यांपुढे मान तुकवायची की नाही? माझ्या विद्यार्थ्याशी माझे पत्रातून यावरच पहिले खडाजंगीचे झाले. मला वाटते, प्रेषिताचा चमचा हा दोन कृतींचा जोड आहे. खाली एक निर्दोष चमचा आणि वर एक बोटाच्या पेराएवढी ओतीव मूर्ती. त्या दोघांचे एकमेकांशी बोलणे नाही. मूर्ती काढून घेतली तरी चमच्याचे काही उणे होत नाही. आशय वरून डकवला आहे. तो धातूतून उगवलेला नाही. आमच्या काही सामाजिक कादंबऱ्यांत शेवटच्या प्रकरणात नायक जे भाषण करतो त्याची मला आठवण होते. खोटे चमचे करणाऱ्यांनीही हे बरोबर ओळखले होते. अठराव्या शतकाचा साधा मोठा चमचा घ्यायचा, ठोकून त्याची वाटी अंजिरासारखी करायची, दांडा बारीक करायचा आणि वर एक साधू बसवायचा. लंडनच्या खऱ्या कारागिराने मूर्तीचा सांधा इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच पाडून बसवलेला असतो, बाहेरगावच्या कारागिराने टोके एकमेकांवर ठेवून. लबाडाचे पितळ पुष्कळदा तिथे उघडे पडते. जो आशय इतक्या सहज वर बसवता येतो त्याविषयी टीकाकाराने थोडे सावध असावे, इतकेच माझे म्हणणे.

विद्यार्थ्याचे उत्तर मला बिनतोड वाटले नाही, पण ते इथे नोंदवायला हवे. तो लिहितो, “सर, आपण मूर्तीकडे पाहता. ती ज्याच्या हातात दिली त्या मुलाकडे पाहा. त्या काळी पाहुणा जेवायला जाताना आपला चमचा आपण घेऊन जाई. हा चमचा म्हणजे त्या मुलाची आयुष्यातली पहिली मालमत्ता. त्यावर कोणीतरी राखणदार बसवला तर काय बिघडले?” या मूर्तींचे चेहरे बहुधा झिजून सपाट झालेले असतात, नाक-डोळे उरलेले नसतात. शेकडो वर्षे अंगठ्याने आणि पुसण्याने. हे वाक्य वाचल्यानंतर मला त्या सपाट चेहऱ्यांचा पूर्वीइतका राग येत नाही.

तरी माझी निवड वेगळी आहे. त्याच काळात काही चमच्यांचा दांडा शेवटी नुसता तिरका छाटलेला असे, कलम करायला फांदी छाटावी तसा. त्यावर साधू नाही, सिंह नाही. तो तिरका छेद पाहिला की दांडा तिथे संपणे किती स्वाभाविक होते ते कळते. पुढे सतराव्या शतकाच्या मध्यावर दांडा चपटा झाला आणि शेवट सरळ कापला गेला. त्याला प्युरिटन चमचा म्हणतात. हा मात्र मला जरा रुक्ष वाटतो. सगळे अलंकार काढले म्हणजे साधेपणा येतो, असे नाही. आमच्या नवकथेनंतरच्या किती कथांनी हे सिद्ध केले आहे!

१६६० मध्ये दुसरा चार्ल्स राजा फ्रान्स-हॉलंडकडून परत आला, त्याच्याबरोबर मेजावरच्या नव्या रीती आल्या. काटा रुजला. चमचा मुठीतून बोटांत आला आणि त्याचे सगळे शरीरच बदलले. वाटी अंजिराची अंड्यासारखी झाली. दांड्याचे टोक पसरून त्याला दोन खाचा पडल्या, तीन पाकळ्या झाल्या. आणि वाटीच्या पाठीवर दांडा जिथे मिळतो तिथून एक उभार रेघ निमुळती होत उतरू लागली. इंग्रज तिला उंदराची शेपटी म्हणतात. नाव विचित्र, पण वस्तू अप्रतिम. दांडा वाटीत कसा विरघळतो हे ती दाखवते. सगळा भार जिथे येतो तो सांधा बळकट करते आणि डोळ्याला खाली घेऊन जाते. प्रेषिताच्या मूर्तीपेक्षा मला ही शेपटी मोठी कलाकृती वाटते. कारण ती काढून घेता येत नाही.

आणि मग, साधारण १७१० पासून पुढे, हॅनोव्हेरियन नावाचा चमचा. जर्मनीच्या हॅनोव्हरहून आलेल्या राजांवरून हे नाव पडले. पाकळ्या गेल्या, टोक साधे गोल झाले आणि वाटीच्या पोकळ बाजूकडे किंचित वर वळले. दांड्याच्या समोरच्या अंगाला मधून एक हलकी कणा असावा तशी धार. बस्स, इतकेच. पण त्याची गंमत अशी की तो मेजावर पालथा ठेवत. वाटी खाली, पाठ वर. म्हणून घराण्याचे चिन्ह पाठीवर कोरलेले, शेपटी पाठीवर, कधीकधी वाटीच्या पाठीवर शिंपला. ज्याची पाठ हाच ज्याचा चेहरा आहे, असे दुसरे भांडे मला तरी आठवत नाही. जेवणारा माणूस खुर्चीवर बसतो तेव्हा चमचा त्याला पाठमोरा भेटतो आणि हातात घेतल्यावर मग समोरचा होतो. इंग्रजी चमचा इथे शिखराला पोचला, असे माझे मत आहे आणि त्यात मी तूर्त बदल करणार नाही.

१७६० च्या सुमारास कोणाच्या तरी मनात आले की टोक उलटे, खालच्या बाजूला वळवावे. चमचा आता उताणा ठेवायचा. चिन्ह पुढे आले; शेपटी आखडत जाऊन एका थेंबाएवढी राहिली. याला ‘ओल्ड इंग्लिश’ म्हणतात. वास्तविक हा त्या वेळचा नवाच. माझा चमचा या जातीचा. तो हलका आहे, ऐटबाज आहे, समोरून पाहायला हॅनोव्हेरियनहून देखणाही असेल. पण तो समोरून पाहण्यासाठीच आहे. पालथा केला की ठशांखेरीज तिथे काही नाही. स्वतःच्या चमच्याविषयी हे लिहिताना थोडे वाईट वाटते. पण आपल्या मुलाचा निबंध तपासतानाही गुण वाढवायचे नसतात.

त्यानंतरचे सारंगीच्या आकाराचे दांडे, राजेशाही नक्षीचे जडशीळ चमचे, यांच्यावर मी जागा घालवणार नाही. १८४० नंतर विजेच्या मुलाम्याचा धंदा सुरू झाला आणि ज्याला चांदी परवडत नव्हती त्याच्याही मेजावर चांदीचा देखावा आला. कारखान्यांनी पुष्कळ नक्षी केली. नक्षीने चमचा वाईट होत नाही, पण वाईट चमचा नक्षीने पुष्कळ झाकता येतो.

एका नावाविषयी मात्र लिहायला हवे. हेस्टर बेटमन. नवरा १७६० मध्ये वारला, आणि १७६१ मध्ये या विधवेने स्वतःच्या नावाची खूण लंडनच्या सोनारांच्या दप्तरात नोंदवली. सही करता येत नव्हती. बनहिल रो इथल्या कारखान्यात मुले, सून, शिकाऊ उमेदवार यांना हाताशी धरून तिने जवळजवळ तीस वर्षे धंदा केला, वाढवला आणि १७९० मध्ये निवृत्त झाली. विसाव्या शतकात संग्राहकांना, विशेषतः अमेरिकेतल्या, तिचे वेड लागले. तिच्या खुणेचा साधा चमचा शेजारच्या तितक्याच चांगल्या चमच्याहून महाग जातो. मला या बाईविषयी अपार आदर आहे. पण तो आदर तिच्या आयुष्याला आहे. तो चमच्यावर लावून किंमत वाढवणे म्हणजे लेखकाने हालअपेष्टा सोसल्या म्हणून त्याची कविता थोर म्हणणे. शिवाय तिच्या खुणेचा प्रत्येक चमचा तिने स्वतः ठोकला असे समजण्याचे कारण नाही. चमचा करणे हे घामाचे काम. चांदीची कांब तापवून ठोकायची, चपटी करायची, आणि शिशाच्या ठोकळ्यावर पोलादी ठशाने घाव घालून वाटी उतरवायची. ते घाव कोणाचे होते हे दप्तरात नाही. ज्याचे नाव, त्याचे काम, हा समज कारखान्यांत आणि वाङ्मयात सारखाच भाबडा आहे.

आता ज्या प्रश्नावर मी मत बदलले त्याकडे येतो. व्हिक्टोरिया राणीच्या काळात जुने अठराव्या शतकाचे साधे चमचे घेऊन त्यांच्या वाटीत ठोकून द्राक्षे, बोरे, नासपती उठवायची, वर सोन्याचा मुलामा द्यायचा आणि ‘फळांचे चमचे’ म्हणून विकायचे, असा प्रघात पडला. शुद्ध रुचीचे संग्राहक हे चमचे पाहून कानाला हात लावतात. मीही लावला. हॅनोव्हेरियन चमच्याच्या पोटात द्राक्षांचा घड! एखाद्या साध्या ओवीत कोणी चार यमके घुसडावीत, तसा हा प्रकार. मी विद्यार्थ्याला तावातावाने दोन पाने लिहिली. त्याने परत एवढेच विचारले, “द्राक्षे उठवली नसती तर ते चमचे कुठे असते?”

उत्तर सर्वांना माहीत आहे. भट्टीत. चांदीच्या वस्तूचा खरा शत्रू वाईट अभिरुची नव्हे, चांदीचा भाव. सतराव्या शतकाच्या यादवी युद्धात दोन्ही पक्षांनी ताटे-चमचे वितळवून शिपायांचे पगार दिले. त्या शतकाच्या शेवटी उलटेच झाले; लोक नाणी कातरून, वितळवून त्यांची भांडी करू लागले, तेव्हा १६९७ मध्ये सरकारला भांड्यांचा कस नाण्याहून वर, शेकडा ९५.८ पर्यंत न्यावा लागला. तो १७२० पर्यंत सक्तीचा राहिला. आणि १९८० च्या जानेवारीत अमेरिकेतल्या हंट बंधूंच्या साठेबाजीने भाव औंसाला पन्नास डॉलरांच्या घरात गेला, तेव्हा जुनी चांदी पुन्हा मोठ्या प्रमाणावर भट्टीत गेली. इंग्लंडच्या राज्याभिषेकात तेल लावायचा जो चमचा वापरतात, तो बाराव्या शतकातला, चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेला. १६४९ मध्ये राजाचे शिर उडवल्यावर जुनी राजचिन्हे मोडून टाकली, त्यातून हा वाचला, कारण क्लेमंट किनर्सली नावाच्या राजवाड्यातल्या एका कारभाऱ्याने तो सोळा शिलिंगांना विकत घेतला आणि राजा परत आल्यावर परत केला. २०२३ साली तिसऱ्या चार्ल्सला त्यातूनच तेल लावले. सोळा शिलिंग आणि एक शेजारची पूजा, यांत मला फारसा फरक दिसत नाही.

म्हणून फळांच्या चमच्यांना मी आता माफ केले आहे. ते विद्रूप झाले, पण राहिले. विद्रूप हस्तलिखितही जाळलेल्याहून बरे.

आणि आमचे पाच? विद्यार्थ्याला ते कळले तेव्हा तो डोके धरून बसला. एकाच संचाचे सहा चमचे, एकाच सालचे, एकाच जोडीचे! त्याच्या चेहऱ्यावर आजीविषयी जे उमटले ते मला पाहवले नाही. एक मोठा चमचा साधारण पाच तोळ्यांचा. म्हणजे पंचवीस तोळे चांदी गेली. आजी सांगे, सोनाराने ठशांकडे पाहिलेही नाही. दगडावर घासले, तराजूत टाकले आणि तांब्याची घट वजा केली. सातशे वर्षांचा बिबळ्या माण तालुक्यात कोणी ओळखला नाही. त्या पैशांतून आलेल्या धान्यावर घरातली सात माणसे सुगीपर्यंत जगली. त्यांत माझे वडील एक. टीकाकार म्हणून मला त्या पाच चमच्यांच्या घाटाची हळहळ वाटते. ती खोटी नाही. पण कोणी मला विचारले की आजीने काय करायला हवे होते, तर माझ्याजवळ दुसरे उत्तर नाही. आणि हे दोन्ही एकाच वेळी खरे असण्याची अडचण मला अजून सोडवता आलेली नाही. माझ्या विद्यार्थ्यालाही नाही. तेव्हापासून मात्र तो आजीविषयी लिहिताना ‘मोडले’ असे न लिहिता ‘वापरले’ असे लिहितो.

आता जो उरला त्याविषयी. मूठ आपल्याकडे धरून पाहिले तर वाटीच्या टोकाची डावी कड झिजून आत गेली आहे. उजव्या हाताने जेवणारी माणसे ताटाचा तळ खरवडत राहिली की चमचा असाच झिजतो. ती दीडशे वर्षांची झीज इंग्रजांची. दांड्याच्या पुढच्या अंगावर एक अक्षर होते. ते कोणीतरी घासून पुसले आहे. अंगठा फिरवला की तिथे चांदी पातळ लागते, किंचित खळगा लागतो. एका घरातून दुसऱ्या घरात जाताना कोणी जुने नाव काढून टाकले असेल. ही झीज संग्राहकांच्या पुस्तकात दोष म्हणून दिली आहे, आणि टोक पुन्हा कानसून सारखे करून देणारे कारागीर असतात असेही लिहिले आहे. तसे केले तर वाटी आखूड होते आणि सगळा तोल जातो. तेव्हा ते करणे मूर्खपणाचे, यावर माझे आणि पुस्तकाचे एकमत आहे.

पण टोकाच्या बरोबर मध्यावर आणखी एक पोचा आहे, आतल्या बाजूला दबलेला, ज्वारीच्या दाण्याएवढा. त्याचा उलगडा पुस्तकात सापडत नाही. तो पणजीचा. तिने एका संक्रांतीला या चमच्याने गुळाची ढेप फोडली होती, आणि पणजोबा साहेबाच्या घरात शिकलेल्या इंग्रजीत तिच्यावर ओरडले होते, असे आजी हसत सांगे.

गेल्या महिन्यात विद्यार्थ्याने ठशांचे स्वच्छ छायाचित्र मागितले. त्याला तिथल्या एका जाणकाराला दाखवायचे होते. मी पाचही ठशांचे पाठवले आणि त्याच पाकिटात पोच्याचेही एक घातले. ठशांविषयी त्याचे सविस्तर उत्तर आले आहे: साल बरोबर, जोडी बरोबर, सिंह मान वळवून समोर पाहतो आहे म्हणजे १८२१ च्या आधीचा, तेही बरोबर. पोच्याविषयी त्याने लिहिले आहे की तो सहज काढता येईल, लाकडाच्या ठोकणीने दोन हलके ठोके, कोणालाही कळणार नाही. काढू का, ते कळवा. पत्र टेबलावर आहे. चमचा तुपाच्या भांड्यात आहे.